लग्नाच्या दोन तारखा

निखिलचा व्हिसा मंजूर झाल्याचा मेल सकाळी अकराला आला. वीस मिनिटांनी सायलीचा आला. पहिल्या मेलवर ऑफिसात टाळ्या वाजून गेल्या होत्या, त्यामुळे दुसरा मी उभ्याउभ्याच उघडला. वाचला आणि खाली बसले.

तो मंजुरीचा मेल नव्हता. त्यात लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: तुम्ही अर्जात लग्नाची तारीख यंदाच्या जानेवारीतली दिली आहे. तुमच्या नवऱ्याच्या अर्जात आणि विवाह प्रमाणपत्रावर ती गेल्या जुलैमधली आहे. पंधरा दिवसांत खुलासा करा.

सायलीची फाइल माझी होती. ती जानेवारीतली तारीख मी टाइप केली होती.

मी पुण्यात हडपसरला एका इमिग्रेशन कन्सल्टन्सीत काम करते. खाली प्लायवूडचं दुकान, वर आम्ही. माझं पद ‘केस ऑफिसर’ आहे. ऐकायला पोलिसातलं वाटतं. प्रत्यक्षात मी लोकांचे कागद तपासते, फॉर्म भरते, ते अपलोड करते आणि मग वाट बघते. क्लायंटची नावं मी इथे बदलली आहेत. देशाचं नाव लिहिणार नाही. ते कळून कोणाचा काही फायदा नाही.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. नवरा-बायको एकत्र जात असले, विमानात शेजारी बसणार असले, तरी त्यांचे अर्ज दोन असतात. ज्याला नोकरी मिळाली तो ‘प्रिन्सिपल’. त्याच्याबरोबर जाणारा ‘डिपेंडंट’. दोन अर्ज दोन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर जातात. एकाचा निकाल तीन आठवड्यांत येतो, दुसऱ्याचा कधी कधी तीन महिने येत नाही. मधल्या काळात अशी जोडपी आमच्याकडे चौकशीला येतात. ज्याचा व्हिसा आलेला असतो तो अपराधी चेहरा करून बसतो, रांगेत मधे घुसल्यासारखा. ज्याचा आलेला नसतो तो फार हसतो.

पण सायलीचं प्रकरण साध्या उशिराचं नव्हतं. नवरा एक तारीख सांगतो, बायको दुसरी सांगते, तेव्हा अधिकाऱ्याला पहिली शंका येते ती खोट्या लग्नाची. म्हणजे फक्त व्हिसासाठी कागदावर केलेलं लग्न. खुलासा पटला नाही तर अर्ज ‘चुकीची माहिती दिली’ या शेऱ्यासकट नाकारला जातो. मग काही वर्षं पुन्हा अर्जच करता येत नाही. निखिलला मेच्या पहिल्या आठवड्यात तिकडे नोकरीवर हजर व्हायचं होतं. म्हणजे नवरा तिकडे, बायको इकडे, आणि हे किती वर्षं, ते कोणी सांगू शकणार नव्हतं.

मी मेलची प्रिंट घेऊन फडके मॅडमच्या केबिनमध्ये गेले. फडके मॅडम आमच्या बॉस. पंचवीस वर्षं या कामात आहेत. आवाज चढवत नाहीत, त्याची त्यांना गरज पडत नाही.

त्यांनी मेल दोनदा वाचला.

“ईशा, लग्न किती वेळा झालं यांचं?”

“माहीत नाही, मॅडम.”

“अर्ज आपण भरलाय ना?”

“हो.”

“मग आपल्याला माहीत असायला हवं. निदान जेवून गेलेल्या पाहुण्यांइतकं तरी.”

त्यांनी मेल टेबलावर ठेवला.

“सर्टिफिकेट कोणी बघितलं होतं?”

“अभिजितने. ते निखिलच्या फाइलला लावलंय.”

“आणि तुझ्या फाइलला?”

“माझ्या फाइलमध्ये नोंद आहे. ‘प्रिन्सिपलची फाइल पाहावी.’”

“तू पाहिलीस?”

नाही, मी पाहिली नव्हती. आमच्या ऑफिसची ती पद्धतच होती. नवऱ्याची फाइल एकाकडे, बायकोची दुसऱ्याकडे, म्हणजे काम लवकर होतं. जोडप्याचे सामायिक कागद एकदाच स्कॅन करायचे आणि प्रिन्सिपलच्या फाइलला लावायचे. निखिलची फाइल अभिजितकडे होती, ती पूर्ण होती. माझीही पूर्ण होती. दोन्ही शेजारी ठेवून कोणी बघितल्या नव्हत्या.

हे कारण मी मॅडमना सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. दुसरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही.

फेब्रुवारीत सायली फॉर्म भरायला आली तेव्हा तिचे वडील तिच्याबरोबर होते. मेश्राम काका. मूळचे चंद्रपूरकडचे, पाटबंधारे खात्यात नोकरीला लागले, बदली होऊन पुण्यात आले आणि इथेच राहिले. आता निवृत्त, घर विश्रांतवाडीला. त्यांच्याकडे रेक्झिनची बॅग होती. त्यात सायलीचे बालवाडीपासूनचे कागद, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, कोपऱ्यात भोक पाडून पांढऱ्या टॅगने बांधलेल्या. पानांवर पेन्सिलीने नंबर. माझ्या टेबलावर आजवर आलेली ती सगळ्यात नीट फाइल. मी तसं म्हणाले, तर ते म्हणाले, “बत्तीस वर्षं दुसरं केलं काय?”

मी एकेक रकाना विचारत होते. ‘डेट ऑफ मॅरेज’ आलं. सायलीने तोंड उघडलं होतं. तिच्याआधी काकांनी तारीख सांगितली. जानेवारीतली, वारासकट. “रविवार होता,” ते म्हणाले. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मुलीकडे बघत होते.

सायली हातातल्या पेनाचं टोपण लावत होती. लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाली, “हो.”

हे मी बघितलं. अशा गोष्टी मला दिसतात. मी कमी बोलते, त्यामुळे बघायला वेळ मिळतो. तिथे मी फक्त एवढं विचारायला हवं होतं: “रजिस्ट्रेशन कधी झालं?” माझ्या यादीत तो प्रश्न छापलेला आहे. पण मोठ्या माणसाने ठाम उत्तर दिल्यावर त्यावर दुसरा प्रश्न विचारणं मला जड जातं. मी इंग्लिश मीडियमची. वडीलधाऱ्यांशी मराठीत बोलताना माझं निम्मं लक्ष अहो-जाहो सांभाळण्यात जातं. सर्टिफिकेट निखिलच्या फाइलला आहे, जुळत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढच्या रकान्यावर गेले.

काकांनी त्या दिवशी एक पत्रही दिलं. दोन्ही घरांची लग्नाला संमती आहे असं आईवडिलांचं पत्र आम्ही अर्जाला जोडतो. त्याने लग्न खरं असल्याचा विश्वास वाढतो. त्या पत्रात काकांनी जानेवारीतल्या लग्नाचंच लिहिलं होतं, खाली सही आणि तारीख. म्हणजे आता अधिकाऱ्यासमोर चित्र असं होतं: नवरा आणि सरकारी प्रमाणपत्र म्हणतं जुलै, मुलगी आणि तिचे वडील म्हणतात जानेवारी.

निखिल आणि सायली त्याच दुपारी आले. निखिल जवळच्या मांजरी गावातून बाइकवर, सायली तिच्या आयटी पार्कमधल्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून. तिने राजीनामा दिला होता आणि नोटीस पिरियडचे शेवटचे दिवस चालले होते.

निखिलने खुर्चीत बसायच्या आतच सांगायला सुरुवात केली. “मॅडम, क्लिअर सांगतो. चूक आमची आहे. दोन्ही तारखा खऱ्या आहेत.”

गोष्ट अशी होती. सायलीला एक मोठी बहीण आहे, मीनल. मीनलताईचं झाल्याशिवाय सायलीचं नाही, हे काकांनी आधीच सांगितलं होतं आणि सायलीने मान्य केलं होतं. मीनलताईचं लग्न नोव्हेंबरमधलं ठरलं. तोवर निखिलला परदेशातली नोकरी मिळाली. कंपनीने ऑगस्टच्या आत कुटुंबाची माहिती मागितली. बायकोचं नाव तेव्हाच दिलं तर तिचा खर्च आणि तिचे कागद कंपनी बघणार होती. नंतर ते नाव घालता येणार नव्हतं. म्हणून दोघांनी जुलैमध्ये नोंदणी पद्धतीने लग्न करून टाकलं. त्याची रीत ठरलेली आहे. आधी नोटीस द्यायची, ती तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसबाहेर बोर्डावर लागते, कोणाची हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर सह्या. निखिलचे दोन मित्र आणि सायलीची एक मैत्रीण साक्षीदार होते. सह्या करून सगळे डोसा खायला गेले आणि तिथून आपापल्या घरी.

नोव्हेंबरमध्ये मीनलताईचं लग्न झालं. जानेवारीत बौद्ध पद्धतीने या दोघांचं झालं, चारशे माणसांसमोर.

“आणि जुलैचं घरी कोणालाच माहीत नाही?” मॅडमनी विचारलं.

“माझ्या घरी माहीत आहे,” निखिल म्हणाला.

सायली म्हणाली, “माझ्या घरी नाही.” मग थोडं थांबून, “ताईच्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले, मॅडम. तेव्हा माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. हे बाबांना कसं सांगू?”

“मग फॉर्ममध्ये जानेवारी का?”

“बाबा बाजूला बसले होते. त्यांनी सांगितलं. मी...” तिने माझ्याकडे बघितलं. मी स्टेपलरकडे बघितलं.

मॅडमनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. सायलीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे सगळं खरं काय ते शपथेवर. नोटीसची प्रत. दोन्ही वेळचे फोटो. आणि वडिलांचं नवीन पत्र.

“वडिलांचं कशाला?” सायलीने विचारलं.

“शंका त्यांच्या सहीने आलीय. जायची तर त्यांच्याच सहीने जाईल. नुसतं तुम्ही दोघं म्हणालात की दोन्ही तारखा खऱ्या, तर अधिकारी म्हणेल, मुलीच्या बापालाच माहीत नाही, मग हे लग्न कसलं?”

निखिल म्हणाला, “नाही झालं तर मी जॉइन होत नाही.”

“तू जॉइन होणार आहेस,” सायली म्हणाली.

“एकटा जाऊन काय करू? व्हिडिओ कॉलवर वरण शिजवू?”

“शिजव. शिकशील तरी.”

दोघं हसले.

निघताना निखिल बाइक काढायला खाली गेला आणि सायली माझ्याबरोबर पाण्याच्या कूलरपाशी थांबली. ग्लास भरला पण प्यायली नाही.

“ईशा मॅडम, तुम्ही सांगाल का बाबांना? म्हणजे, ऑफिसकडून टायपिंग मिस्टेक झाली, म्हणून नवीन पत्र लागतंय, एवढंच. पत्र तुम्ही इंग्लिशमध्ये तयार ठेवा. त्यांना सांगा की फॉरमॅट आहे. तुम्ही ऑफिसच्या आहात, तुमच्या शब्दावर ते सही करतील.”

खरं सांगते, मला ते क्षणभर सोपं वाटलं. टायपिंग माझंच होतं. चूक माझ्यावर घेतली असती, सही मिळाली असती, कोणी रडलं नसतं. पण न वाचता केलेल्या सहीचं पत्र आम्ही पाठवत नाही. आणि काका न वाचता सही करतील यावर माझा विश्वासही नव्हता. पेन्सिलीने नंबर घालणारा माणूस तो.

‘नाही’ म्हणायला मला वेळ लागतो. कूलर गुरगुरून थांबला तेवढा वेळ गेला.

“मी तसं नाही सांगू शकत,” मी म्हणाले. “पण तुम्ही सांगाल तेव्हा मी शेजारी असेन. इथेच सांगा. घरी नको.”

इथे निदान टेबल असतं मधे, असं मला म्हणायचं होतं. तेवढं बोलता आलं नाही.

काका गुरुवारी साडेदहाला आले. साडेदहा म्हणजे साडेदहाच. तीच बॅग. निखिलला सायलीने वर येऊ दिलं नव्हतं, तो खाली प्लायवूडच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. काका येताना त्याच्याजवळून आले होते. वर येऊन खुर्चीत बसत म्हणाले, “जावई खाली काऊन बसले? लाकूड घ्यायचं आहे का?”

कोणी हसलं नाही.

“बरं. काय अडलं?”

सायली म्हणाली, “बाबा, माझ्या अर्जात तारीख चुकली.”

“कोणती?”

“लग्नाची.”

“मग बरोबर कोणती?”

सायली गप्प. अशा शांततेत मी नेहमी कागदांबद्दल काहीतरी बोलायला लागते, म्हणजे ती भरून निघते. या वेळी मी पेन खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

“जुलै,” ती म्हणाली. “जुलैमध्ये आम्ही रजिस्टर केलं, बाबा. ताईच्या आधी. निखिलच्या कंपनीला नाव द्यायचं होतं. मी तुम्हाला शब्द दिला होता आणि मी—”

“नोटीस जूनमध्ये लागली होती,” काका म्हणाले.

मला आधी वाटलं ते विचारताहेत. ते सांगत होते.

“आमचे वानखेडे,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, जणू मला ओळख करून द्यायला हवी. “माझ्या शेजारच्या टेबलावर होते अठरा वर्षं. त्यांच्या पुतणीच्या लग्नाच्या नोंदणीला गेले होते तिथं. नंबर लागायला वेळ होता. सरकारी माणूस कुठंही थांबला तं भिंतीवरचं सगळं वाचून काढतो. त्यांनी बोर्ड वाचला. मला फोन केला. म्हणाले, मेश्राम, पोरीचं नाव आहे इथं, तुम्हाला माहीत असेलच. मी म्हटलं, हो, माहीत आहे.”

“बाबा...”

“दुसऱ्या दिवशी मी गेलो. स्वतः वाचलं. तुझा फोटो होता. चांगला नव्हता आला.”

सायलीने तोंडावर हात धरला.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“मी काय बोलायचं? बोलायचं तं तू होतं. घरात मीनलचं कार्य होतं. तेव्हा वाद नको म्हटलं. पण त्या नोटिशीत लिहिलेलं असतं, कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी. मी तीस दिवस कळवलं नाही. म्हणजे काय ते तुला समजायला पाहिजे होतं.”

“मला माहीतच नव्हतं तुम्ही वाचलंय!”

“हां. ते एक राहिलं,” काका म्हणाले.

ती रडायला लागली. काकांनी टेबलावरची तिची फाइल उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. “रडायचं तं रड. कागद भिजवू नको.”

मग ते थोडा वेळ खिडकीकडे बघत होते. बाहेर उड्डाणपुलावर बस अडकली होती आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

“तीन साक्षीदार लागतात,” ते म्हणाले. “तीन माणसं शोधली असशील तू. एक मी चाललो असतो.”

सायलीने त्यांची बाही धरली आणि ती तशीच धरून बसली.

जरा वेळाने मला विचारावं लागलं, कारण ते कामाचं होतं. “काका, मग फेब्रुवारीत तुम्ही जानेवारीची तारीख...”

“मुद्दाम सांगितली. म्हटलं, कागदावर चुकीचं चाललंय म्हटल्यावर तरी बोलेल. माझी मुलगी आहे. मार्कशीटवर आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं तेव्हा बोर्डाच्या ऑफिसात चार चकरा मारल्या हिने. लग्नाची तारीख चुकलेली चालवून घेतली.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “या मॅडमला पण तेव्हा काहीतरी वाटलं होतं. पेन थांबला होता यांचा. पण याही नाही बोलल्या.”

“हो,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

“माझंही,” काका म्हणाले. “सरकारी कागदावर कोणाची परीक्षा घ्यायची नसते. आणा फुलस्केप.”

पत्र त्यांनी हाताने लिहिलं, मराठीत, माझ्या टेबलावर बसून. इंग्लिश भाषांतर मी करायचं ठरलं. सरकारी मराठी मला हळूहळू वाचावी लागते. ‘विहित मुदत’वर मी अडकले तेव्हा त्यांनीच सांगितलं, “म्हणजे ठरवून दिलेली.” त्यातला मुख्य भाग असा होता:

“माझ्या मुलीच्या नियोजित विवाहाची नोटीस मी कार्यालयाच्या फलकावर स्वतः वाचली होती. विहित मुदतीत मी हरकत घेतली नाही, कारण माझी हरकत नव्हती. अर्ज भरताना व आधीच्या पत्रात मी केवळ जानेवारीतील समारंभाची तारीख दिली व नोंदणीची तारीख माहीत असूनही सांगितली नाही. ही चूक माझी आहे.”

बॅगेतून त्यांनी आणखी एक कागद काढला. बोर्डावरच्या नोटीसचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्याची प्रिंट. वर पेन्सिलीने नंबर होता. जूनपासून तो त्या बॅगेत होता. फेब्रुवारीत ते माझ्यासमोर बसले तेव्हाही असणार.

सायली त्यांना सोडायला खाली गेली. मी खिडकीतून बघितलं. निखिल पायरीवरून उठला, पाया पडायला वाकला, आणि काकांनी त्याला मधेच धरून उभं केलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. निखिलने मान दोनदा हलवली. मग तिघं समोरच्या टपरीवर चहाला गेले.

मी माझ्याकडून एका पानाची नोंद लिहिली: विवाहाची तारीख तोंडी सांगितल्याप्रमाणे भरली, प्रमाणपत्राशी ताडून पाहिली नाही, हे आमच्या कार्यालयाकडून राहिलं. आणि मग मॅडमना जाऊन ते दुसरं कारणही सांगितलं. पेनाचं टोपण, काकांची नजर, सगळं.

“तेव्हा दिसलं होतं तुला?”

“हो, मॅडम.”

“डोळे होते म्हणजे. तोंड राहिलं.” त्यांनी सही करण्याआधी सगळे कागद ओळीने लावले. मुलीची कबुली, बापाची कबुली, ऑफिसची कबुली. “एका खुलाशात तिघांनी चूक मान्य केलीय. अधिकारी घाबरेल.”

मुदतीच्या चार दिवस आधी सगळं अपलोड झालं. मग वाट बघणं.

निखिलने कंपनीकडे दोन आठवडे वाढवून मागितले. ते मिळाले, पण ‘यानंतर नाही’ असंही कळवलं गेलं. सायलीचा रोज सकाळी मेसेज यायचा, ‘काही अपडेट?’ मी रोज ‘नाही अजून’ लिहायचे. एके दिवशी तिने लिहिलं, ‘आज विचारत नाही.’ काका दर सोमवारी साडेदहाला फोन करायचे.

“आवक क्रमांक मिळाला का?”

“काका, ऑनलाइनमध्ये तसा नसतो. नुसतं ‘रिसीव्ह्ड’ दाखवतं.”

“कोणी घेतलं, ते दाखवतं?”

“नाही.”

“मग पोचलं कसं समजायचं?”

मी म्हणायचे, “पोचलंय, काका.” ते म्हणायचे, “तुम्ही म्हणता तं पोचलं असेल.” दुसऱ्या सोमवारनंतर मला त्या फोनची सवय झाली. एरवी मी मोबाइल उलटा ठेवते, सोमवारी सव्वादहापासून तो सुलटा ठेवायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मेल आला. या वेळी मी बसूनच उघडला. नाव बघितलं, पासपोर्ट नंबर बघितला, परत नाव बघितलं. मंजूर. शेऱ्याशिवाय, अटीशिवाय. निखिलच्या नवीन जॉइनिंगला नऊ दिवस बाकी होते.

मी अभिजितला सांगितलं आणि त्याने टाळ्या वाजवायला हात वर केले, तर मी म्हणाले, “थांब, आधी त्यांना.” सायलीने फोन उचलला. मी सांगितलं. तिकडून लांबून ‘निखिल! अरे निखिल!’ असं ऐकू आलं आणि फोन तसाच चालू राहिला, कुठेतरी ठेवल्यासारखा. मागे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी हसत होतं किंवा रडत होतं, फोनवर फरक कळत नाही. मी थोडं ऐकलं आणि हळूच बंद केला.

काकांना फोन करायची गरज नव्हती. सायली सांगणारच होती. शिवाय आपणहून कोणाला फोन करणं मला अवघड जातं, कामासाठीसुद्धा. तरी मी केला.

“काका, सायलीचा व्हिसा मंजूर झाला.”

“लेखी आलं?”

“हो. मेल आलाय.”

“एक प्रिंट काढून ठेवा माझ्यासाठी.”

“काढली आहे.”

“बरं.” ते थांबले. “बरं झालं.”

त्यांनी फोन ठेवला नाही. मलाही पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं. आम्ही दोघं काही वेळ नुसतेच फोन धरून होतो. या वेळी गप्प राहण्याने कोणाचं काही अडणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दोघं एकाच विमानाने गेले. सीट शेजारच्या मिळाल्या नाहीत, असं निखिलने विमानतळावरून कळवलं. मी लिहिलं, ‘कोणाशी तरी बदलून घ्या.’ त्यावर सायलीचं उत्तर आलं, ‘विचारायला निखिल लाजतोय. मीच विचारते.’

आता आमच्याकडे जोडप्याच्या दोन्ही फायली एकाच टेबलावर तपासल्या जातात आणि लग्नाचं प्रमाणपत्र दोन्हींना लावलं जातं. मॅडमनी मला यादी नव्याने करायला सांगितली. मी त्यात एक ओळ घातली: ‘लग्नाची तारीख ज्यांचं लग्न झालं आहे त्यांनाच विचारावी, आणि उत्तर येईपर्यंत पेन खाली ठेवावा.’

मॅडमनी यादी वाचली. “पेनाचं लिहायची गरज आहे?”

“आहे, मॅडम,” मी म्हणाले.

त्यांनी ती ओळ राहू दिली.